पाच डॉलर पाच सेंट

अर्थशास्त्रज्ञ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बजेटच्या दिवशी टीव्हीवर बसलेले, एकमेकांचं बोलणं तोडणारे चार सूटबूटवाले येतात. इंजिनिअरिंगला आम्हाला अर्थशास्त्राचा एक पेपर होता, तो वर्गातल्या सगळ्यांनीच आदल्या रात्री गाइड वाचून काढला. त्यात एक आलेख होता. मागणीची रेघ खाली येते, पुरवठ्याची वर जाते, दोघी छेदतात तिथे मजुरीचा दर ठरतो. सरकारने कायद्याने दर त्याहून वर बांधून दिला तर काय होईल? बेकारी वाढेल. दोन मार्क, चला पुढचा प्रश्न.

हा दोन मार्कांचा प्रश्न एका माणसाने थेट बर्गरच्या दुकानांना फोन करून विचारला. उत्तर गाइडातल्यासारखं आलं नाही, आणि पुढची तीस वर्षं त्यावरून भांडणं झाली. त्या माणसाचं नाव अ‍ॅलन क्रूगर. (पॉल क्रुगमन वेगळा. दोघेही बरीच वर्षं एकाच प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवायला होते, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.)

क्रूगर कामगार अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे लेबर इकॉनॉमिस्ट. पगार कसे ठरतात, नोकरी का जाते, शिक्षणाने पगार किती वाढतो, असले तुमच्या-माझ्या अप्रेझलच्या जवळचे प्रश्न. जन्म १९६० चा, न्यू जर्सी राज्यातल्या लिव्हिंगस्टनचा. १९८३ मध्ये कॉर्नेलमधून पदवी, तीसुद्धा तिथल्या औद्योगिक आणि कामगार संबंध शिकवणाऱ्या कॉलेजातून. १९८७ मध्ये हार्वर्डची पीएचडी आणि त्याच वर्षी प्रिन्स्टनला नोकरी. मधे तीनदा सरकारी नोकरी केली आणि तीनही वेळा परत प्रिन्स्टनलाच आला.

आता ती बर्गरची गोष्ट. १९९२ साली अमेरिकेत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होतं. न्यू जर्सीने आपल्यापुरतं ते ५.०५ करायचा कायदा १९९० मध्येच करून ठेवला होता आणि तो १ एप्रिल १९९२ पासून लागू होणार होता. दरम्यान मंदी आली. विधिमंडळाने मार्चमध्ये ही वाढ दोन टप्प्यांत पाडायचा प्रयत्न केला, पण गव्हर्नरने व्हेटो वापरला आणि वाढ ठरल्या तारखेला झाली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र दर ४.२५ वरच राहिला.

क्रूगर आणि त्याचा प्रिन्स्टनमधला सहकारी डेव्हिड कार्ड यांनी ही संधी अचूक हेरली. मधे डेलावेअर नदी. दोन्ही बाजूंना त्याच बर्गर किंगच्या, केएफसीच्या, वेंडीजच्या आणि रॉय रॉजर्सच्या शाखा. गिऱ्हाईक साधारण सारखं, मंदी दोन्हीकडे, बर्गर तर तोच. एका बाजूला बदल लागू केला, दुसऱ्या बाजूला नाही. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको: अर्ध्या युजर्सना नवीन बटण, अर्ध्यांना जुनं. फरक एवढाच की इथे बटण सरकारने बदललं होतं आणि हे दोघे फक्त मोजायला उभे होते.

फेब्रुवारी-मार्च १९९२ मध्ये, म्हणजे वाढीच्या आधी, त्यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० दुकानांची फोनवरून माहिती घेतली. पूर्णवेळ माणसं किती, अर्धवेळ किती, सुरुवातीचा पगार काय, बर्गर केवढ्याला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच दुकानांना पुन्हा फोन. या वेळी ३९ दुकानांकडून फोनवर उत्तर मिळालं नाही.

इथे मला हा माणूस खऱ्या अर्थाने आवडला. आपण काय केलं असतं? चारशे दहामधून एकोणचाळीस गेले, उरलेला सँपल भरपूर मोठा आहे, टाक फिल्टर आणि काढ रिपोर्ट. पण ज्यांनी फोन उचलला नाही ती दुकानं वाढीव पगाराने बुडाली असतील तर? म्हणजे फक्त जगलेल्यांना विचारून 'कोणी मेलं नाही' असा निष्कर्ष काढल्यासारखं. म्हणून त्यांनी एक माणूस नेमून त्या ३९ पत्त्यांवर प्रत्यक्ष पाठवला. सहा दुकानं कायमची बंद झाली होती, काही आग, रस्त्याचं काम, डागडुजी असल्या कारणांनी तात्पुरती बंद होती, आणि जी उघडी होती त्यांतल्या एक सोडून सगळ्यांनी उत्तरं दिली. बंद पडलेल्यांची नोंद 'शून्य कामगार' अशी घेऊन ती हिशोबात धरली. एवढी मेहनत मी नोकरीत फार कमी लोकांना डेटा साफ करताना घेताना पाहिलंय.

निकाल काय आला? न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी (अर्धवेळवाले अर्धे धरून) २०.४ माणसं होती, ती २१.० झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३ वरून २१.२ वर आली. म्हणजे जिथे पगार वाढवला तिथे नोकऱ्या कमी झाल्याच नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत पाहिलं तर थोड्या वाढल्याच. फरकांचा फरक घ्यायची ही रीत त्यांनी शोधली नाही, पण एवढ्या साध्या आणि भांडणाच्या प्रश्नावर ती एवढ्या उघडपणे वापरल्यामुळे पुढे प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती याच उदाहरणातून शिकवली जाऊ लागली.

गाइडातला आलेख चुकला कसा? एक स्पष्टीकरण असं. त्या आलेखात प्रत्येक मालक बाजारातला एक क्षुल्लक ठिपका आहे. त्याने एक पैसा कमी दिला तर सगळे कामगार त्याच क्षणी सोडून जातात. प्रत्यक्षात असं कोण सोडतं? घर जवळ आहे, दुसरी नोकरी शोधायला वेळ नाही, पोरांची शाळा. त्यामुळे मालकाच्या हातात थोडी ताकद असते. त्याला दोन माणसं अजून हवी असतात, पण ती आणायला जास्त पगार द्यावा लागेल आणि मग जुन्यांनाही वाढवावा लागेल, म्हणून तो जागा रिकाम्याच ठेवतो. (आपल्या आयटीत नव्याला जास्त देतात आणि जुन्याला तसंच ठेवतात, ती वेगळीच गंमत :) ) कायद्याने सगळ्यांचाच पगार वाढला की त्या रिकाम्या जागा भरायला हरकत उरत नाही. विक्रीच्या बाजारात एकच विक्रेता असला की मक्तेदारी. इथे उलट, कामगार विकत घेणारे मोजके. याला मोनॉप्सनी म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेपर १९९४ मध्ये छापून आला, १९९५ मध्ये पुस्तक आलं, आणि मग वादळ. १९८६ चे नोबेलविजेते जेम्स ब्युकॅनन यांनी १९९६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिलं त्याचा आशय असा की किमान वेतनाने रोजगार घटत नाही म्हणणं म्हणजे पाणी चढाकडे वाहतं असं म्हणण्यासारखं आहे. पुढे जे विशेषण वापरलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोबेल मिळालेला माणूस ४१० दुकानांच्या आकड्यांना शिवीने उत्तर देतो हे मला अजूनही विचित्र वाटतं. आकडे चुकीचे असतील तर चुकीचे दाखवा ना.

ते काम डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी केलं. त्यांनी फोनवरच्या उत्तरांऐवजी दुकानांच्या पगारपत्रकांचे आकडे मिळवले आणि न्यू जर्सीत रोजगार घटला असं दाखवलं. त्यातला सुरुवातीचा डेटा रेस्टॉरंट उद्योगाशी जवळीक असलेल्या एका संस्थेने गोळा केला होता, त्यावरून पुन्हा वाद. मग कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी रोजगार नोंदी घेऊन सगळं परत तपासलं आणि २००० साली छापलं: न्यू जर्सीत मोठी घट दिसत नाही, परिणाम असलाच तर छोटा. पहिल्या पेपरातल्या 'थोड्या वाढल्या'वर ते अडून बसले नाहीत, हे महत्त्वाचं. कार्डने पुढे किमान वेतनावर काम करणं जवळपास सोडून दिलं. या विषयापायी जुने मित्र तुटले असं त्याने एका मुलाखतीत सांगितलंय.

क्रूगर मात्र त्याच काळात सरकारात गेला. १९९४-९५ मध्ये तो अमेरिकेच्या कामगार खात्याचा मुख्य अर्थशास्त्रज्ञ होता, मंत्री रॉबर्ट राइश. १९९५ च्या फेब्रुवारीत क्लिंटन यांनी किमान वेतन ४.२५ वरून ५.१५ करायचा प्रस्ताव मांडला. विचार करा: ज्याच्या पेपरवरून देशभर वाद चाललाय तोच माणूस खात्यात बसलाय. विरोधकांनी हा पेपर नसून राजकारण आहे असं म्हणायला मोकळीक मिळाली आणि समर्थक पेपर न वाचताच त्याचा झेंडा करू लागले. मला वाटतं संशोधकाने सरकारात जायची खरी किंमत हीच असावी, आपलं वाक्य आपल्या ताब्यात राहत नाही. वाढ शेवटी १९९६ मध्ये मंजूर झाली आणि १९९६ व १९९७ अशा दोन टप्प्यांत लागू झाली.

त्याची बाकीची कामंही अशीच भन्नाट. ओहायोमध्ये ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथे दर ऑगस्टमध्ये जुळ्यांची जत्रा भरते. १९९१ मध्ये क्रूगर आणि ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर जुळ्यांच्या मुलाखती घ्यायला तिथे पोचले. प्रश्न असा: जास्त शिकलेल्याला जास्त पगार मिळतो तो शिक्षणामुळे की तो मुळात हुशार किंवा खात्यापित्या घरचा म्हणून? जुळ्यांचं घर एक, आईबाप एक, एकसारख्या जुळ्यांची जनुकंसुद्धा एकच. मग एक भाऊ बारा वर्षं शिकला आणि दुसरा सोळा, तर पगारातला फरक शिक्षणाचाच. आणि युक्ती बघा, प्रत्येकाला वेगळं बसवून स्वतःच्या शिक्षणाबरोबर 'तुझा भाऊ किती शिकलाय?' हेही विचारलं. लोक फेकतात ना! दोन उत्तरं ताडून चूक किती ते काढलं. शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे पगार १२ ते १६ टक्के जास्त, असं उत्तर निघालं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. १९९३ मध्ये क्रूगरने दाखवलं की कामावर कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा १० ते १५ टक्के जास्त पगार मिळतो. खूष? थांबा. १९९७ मध्ये दिनार्दो आणि पिश्के या दोघांनी जर्मनीचा डेटा घेतला आणि हाच हिशोब पेन्सिलीवर केला. कामावर पेन्सिल वापरणाऱ्यांनाही जवळजवळ तेवढाच जास्त पगार! बसून काम करणाऱ्यांनाही. म्हणजे यंत्राने पगार वाढतो की जास्त पगारवाल्यांनाच यंत्र आणि खुर्ची मिळते? क्रूगरवर झालेली ही सगळ्यात गोड टीका असावी. हापिसात कोणी 'अमुक टूल वापरणाऱ्या टीमची प्रॉडक्टिव्हिटी वीस टक्के जास्त' अशी स्लाइड लावली की मला ही पेन्सिल आठवते.

दुसरी सरकारी खेप २००९ मध्ये, ओबामांच्या अर्थखात्यात. लेहमन बुडून काही महिनेच झालेले, बेकारी दहा टक्क्यांच्या घरात. आंद्रेआस म्यूलर यांच्याबरोबर त्याने न्यू जर्सीतल्या सहा हजारांवर बेकारांची दर आठवड्याला माहिती घेणारी पाहणी केली ती याच काळातली. काम शोधण्यात रोज किती वेळ घालवता, मूड कसा असतो. जसजसे आठवडे जातात तसतसा माणूस काम शोधण्यात कमी वेळ घालवतो आणि उदास होत जातो, असं त्यात दिसलं. २००८-०९ मध्ये बेंचवर बसून नोकरी डॉट कॉम रिफ्रेश करणाऱ्या आपल्या सीनियर पिढीला कोणी विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं, असं त्यांच्या गप्पा ऐकून वाटतं.

तिसरी खेप सगळ्यात वरची: नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१३, राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचा अध्यक्ष. जानेवारी २०१२ मधल्या भाषणात त्याने एक आलेख दाखवला. मूळ आकडे माइल्स कोराक यांचे. आडव्या रेघेवर देशातली विषमता, उभ्या रेघेवर बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई किती ठरते ते. जिथे विषमता जास्त तिथे गरिबाचं पोर गरीबच राहायची शक्यता जास्त. या आलेखाला 'ग्रेट गॅट्सबी कर्व्ह' हे नाव तिथेच पडलं आणि गाजलं. जाताजाता, जून २०१३ मध्ये त्याने क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये भाषण ठोकलं: तिकिटांच्या कमाईत मूठभर गायकांचा वाटा कसा वाढत गेला आणि बाकीची अर्थव्यवस्थाही तशीच कशी होत चाललीय. व्हाइट हाऊसचा अर्थशास्त्रज्ञ विषमता समजावायला गायकांची तिकिटं मोजतो, हे मला भारी वाटलं.

नंतरच्या वर्षांतल्या दोन गोष्टी. उबरची आधी. २०१५ मध्ये त्याने उबरच्याच एका अर्थशास्त्रज्ञाबरोबर उबरच्या ड्रायव्हरांवर पेपर लिहिला, कंपनीचा सल्लागार म्हणून. ते पेपरातच नमूद होतं. पण पेपरने ड्रायव्हरांचं चित्र कंपनीला सोयीचं रंगवलं अशी टीका झाली आणि २०२२ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांवरून त्याला सुमारे एक लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या आल्या. आवडता माणूस म्हणून हे गाळायचं कारण नाही. जो माणूस बंद दुकानं बघायला माणूस पाठवतो त्याने हे काम पैसे न घेता करायला हवं होतं, असं माझं मत.

दुसरी गोष्ट याच्या बरोब्बर उलट. २०१६ मध्ये क्रूगर आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी जाहीर केलं की कंत्राटी, टेम्पररी, फ्रीलान्स असल्या कामांचा वाटा दहा वर्षांत सुमारे १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या जवळ गेलाय. जगभर मथळे झाले. 'गिग इकॉनॉमी'वरच्या निम्म्या प्रेझेंटेशनांत हा आकडा असायचा. २०१८ मध्ये सरकारी पाहणी आली आणि तिच्यात वाटा पुन्हा दहाच टक्के. जानेवारी २०१९ मध्ये दोघांनी नवा पेपर लिहून सांगितलं: आमचा अंदाज जास्त होता, वाढ एक-दोन टक्क्यांचीच दिसते. मथळे अर्थातच झाले नाहीत.

आणि आता तो मोनॉप्सनी शब्द. अ‍ॅशनफेल्टरबरोबर क्रूगरने १५६ मोठ्या फ्रँचायझी साखळ्यांचे करारनामे वाचून काढले. ५८ टक्के करारांत एक कलम सापडलं: एका शाखेतल्या कामगाराला त्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेने नोकरीवर घ्यायचं नाही. बर्गर उलटणाऱ्या पोराला पलीकडच्या चौकात तासाला दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून जाता येऊ नये यासाठी वकिलांनी लिहिलेलं कलम! पोराला ते माहीतही नसतं, कारण सही त्याची नसतेच. करार दोन मालकांमधला. २०१८ पासून वॉशिंग्टन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने कंपन्यांमागे लागून दोनशेवर साखळ्यांकडून हे कलम काढून घेतलं. आपल्याला हे नवीन नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबी यांच्यासारख्या कंपन्यांना एकमेकांची माणसं न उचलण्याच्या गुपचूप समझोत्यांवरून पकडलं होतंच. ऑफर लेटरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा वाचून बघा. आपला १८७२ चा करार कायदा, कलम २७, नोकरी सोडल्यानंतर धंदा किंवा काम करण्यावरची असली बंधनं बहुतेक वेळा रद्दच ठरवतो. पण आपल्यातला कोर्टात कोण जातो?

म्हणजे १९९२ मध्ये फोनवर सापडलेल्या विचित्र आकड्याचं कारण पंचवीस वर्षांनी असं करारनाम्यात लिहिलेलं सापडलं. आकडे तेच सिद्ध करतात असं मी म्हणणार नाही, पण मालकाच्या हातात ताकद असते हे निदान कोणाला आता पुस्तकी वाटू नये.

१६ मार्च २०१९ ला अ‍ॅलन क्रूगर गेला. वय ५८. कुटुंबाने ती आत्महत्या असल्याचं सांगितलं. कारणांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. लोकांना दिवसाच्या कुठल्या तासाला बरं वाटतं आणि कुठल्या तासाला वाईट, हे मोजायची पद्धत त्याने डॅनियल काहनमन यांच्याबरोबर बसवली होती, एवढंच लिहितो. संगीतधंद्यावरचं 'रॉकोनॉमिक्स' हे पुस्तक त्याच्या मागे त्याच वर्षी जूनमध्ये आलं. २०२१ चं अर्थशास्त्राचं अर्धं नोबेल डेव्हिड कार्डला मिळालं, उरलेलं जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांना. अँग्रिस्टसुद्धा क्रूगरचा सहलेखक. मृत व्यक्तीला नोबेल देत नाहीत.

किमान वेतनाचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये 'पंधरा डॉलर'चं आंदोलन जोरात असताना सगळ्यांना वाटलं क्रूगर टाळ्या वाजवणार. त्याने लिहिलं की देशभर बारा डॉलरपर्यंत ठीक, पंधरा म्हणजे जिथवर पुरावा पोचतो त्याच्या पलीकडे, आणि तो धोका पत्करू नये. दोन्हीकडचे नाराज. २०२४ मध्ये न्यू जर्सीचं किमान वेतन १५.१३ डॉलर होतं आणि डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात, ७.२५. बर्गर किंग दोन्ही काठांवर आहे.